सव्वातीन लाखांतले अकरा

२७ जून २०१६, फ्रान्समधलं नीस शहर. युरोपीय देशांच्या ‘युरो’ फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत इंग्लंडची गाठ आइसलँडशी पडली होती. चौथ्याच मिनिटाला वेन रूनीने पेनल्टीवर गोल केला आणि इंग्लंडच्या पाठीराख्यांनी पुढच्या सामन्याचे बेत आखायला सुरुवात केली. दोन मिनिटंही उलटली नसतील, तोवर आइसलँडला थ्रो-इन मिळाला. कर्णधार अरॉन गुन्नारसन धावत आला आणि दोन्ही हातांनी डोक्यावरून चेंडू असा भिरकावला की तो थेट इंग्लंडच्या गोलसमोर पडला. कारी आर्नासनने उडी मारून तो डोक्याने मागे सारला. मागून राग्नार सिगुर्डसन धावत येत होताच, त्याने जवळून पाय घातला. १-१. अठराव्या मिनिटाला कोल्बेइन सिग्थॉर्सनचा फटका गोलरक्षक जो हार्टच्या हाताला लागूनही आत सरकला. २-१. उरलेली सत्तर-बहात्तर मिनिटं इंग्लंड धडका देत राहिलं, पण आकडा बदलला नाही.

आइसलँडची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांहून थोडी जास्त होती. म्हणजे एकट्या कोल्हापूर शहरापेक्षाही बरीच कमी. संघाच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक, हेमिर हॉलग्रिमसन, पेशाने दंतवैद्य. गोलरक्षक हानेस हाल्डोरसन जाहिराती आणि चित्रपट दिग्दर्शित करणारा. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘चमत्कार’ हा शब्द वापरून घेतला. मला मात्र त्यात चमत्कार किती आणि गणित किती, हे पाहण्यात जास्त मजा वाटते.

फुटबॉल क्षणभर बाजूला ठेवू आणि उंची घेऊ. समजा, एका छोट्या देशात खेळण्याच्या वयाचे चाळीस हजार पुरुष आहेत. शेजारच्या मोठ्या देशात त्यांच्या १६५ पट, म्हणजे साधारण ६६ लाख. (इंग्लंड आणि आइसलँड यांच्या लोकसंख्येत साधारण एवढंच अंतर आहे.) दोन्हीकडे सरासरी उंची १८० सेंटीमीटर आणि लोक तिच्याभोवती सारख्याच प्रमाणात विखुरलेले, दोन-तृतीयांश माणसं १७३ ते १८७ या पट्ट्यात. आता दोन्ही देशांतून सगळ्यांत उंच अकरा जण निवडायचे. मोठ्या देशाचा संघ किती उंच निघेल? आकड्यांच्या धाकाने आपण भलतंच काही कल्पून बसतो. सांख्यिकीतल्या घंटेच्या आकाराच्या वक्रावरून हिशेब केला, तर छोट्या देशाचा अकरावा माणूस साधारण २०४ सेंटीमीटरचा निघतो आणि मोठ्या देशाचा २१२ चा. माणसं १६५ पट, फरक आठ सेंटीमीटरचा!

याचं कारण वक्राच्या टोकाला दडलेलं आहे. सरासरीपासून जसजसं दूर जावं, तसतशी माणसं भराभर विरळ होत जातात. म्हणून टोक थोडंसं पुढे सरकवायलासुद्धा लोकसंख्या कित्येक पट लागते. उलट, सगळ्यांची सरासरीच थोडी वर उचलली, तर टोकही तेवढंच वर उचललं जातं. आपल्या उदाहरणात छोट्या देशाने सरासरी आठ सेंटीमीटरने वाढवली की १६५ पटींचा फायदा संपला. उंची अशी वाढवता येत नाही. चेंडूवरचा ताबा वाढवता येतो.

आइसलँडने नेमकं हेच केलं. डिसेंबरात रेक्याविकमध्ये चार-पाच तासच उजेड असतो. पूर्वी तिथली पोरं खडीच्या मैदानांवर, वाऱ्यापावसात खेळायची; त्यात चेंडूवर ताबा ठेवायला शिकणार तरी कसे? सन २००० मध्ये केफ्लाविकला पूर्ण आकाराचं पहिलं बंदिस्त मैदान उभं राहिलं, मग इतर गावांतही तशी मैदानं झाली. शाळांच्या आवारात कृत्रिम हिरवळीची छोटी मैदानं आली. दुसरीकडे, प्रशिक्षकांना युरोपीय परवान्यासाठी शिकवायला सुरुवात झाली. २०१६ च्या सुमारास असे परवानाधारक सहाशेहून जास्त होते, म्हणजे दर पाचेकशे माणसांमागे एक. पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही शिकलेला, पगारी प्रशिक्षक मिळू लागला. २०११ मध्ये एकवीस वर्षांखालच्या युरो स्पर्धेत जो संघ गेला, त्यातलीच मुलं पुढे नीसमध्ये दिसली. मोठ्यांचा संघ मात्र २०१२ मध्ये फिफाच्या क्रमवारीत १३१ वा होता. पेरणी आणि पीक यांत एवढं अंतर जातंच.

नुसत्या लोकसंख्येने काही ठरत नाही, हे उलट बाजूनेही तपासता येतं. लक्झेंबर्ग आणि माल्टा या दोन्ही देशांची लोकसंख्या आइसलँडपेक्षा जास्त आहे. दोघांपैकी कोणीही युरोच्या मुख्य स्पर्धेत किंवा विश्वचषकात आजवर खेळलेलं नाही.

तरीही इंग्लंडचा संघ माणसागणिक वरचढच होता, हे मान्य करायला हवं. मग तो हरला कसा? इथे एका फ्रेंच गणितज्ञाला बोलवावं लागतं. सिमेओं-देनी प्वासाँ याने १८३७ मध्ये एक सूत्र मांडलं. क्वचित घडणाऱ्या, एकमेकींवर न अवलंबणाऱ्या घटना ठरावीक काळात किती वेळा घडतील, याची शक्यता त्यातून काढता येते. पुढे बोर्टकिएविच नावाच्या अभ्यासकाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले, याची वर्षवार आकडेवारी या सूत्रात घातली, तर ती चपखल बसली. फुटबॉलमधले गोलही बऱ्याच अंशी घोड्याच्या लाथेसारखेच. कधी बसेल सांगता येत नाही, पण सरासरी ठाऊक असते.

युरो २०१६ च्या ५१ सामन्यांत १०८ गोल झाले. म्हणजे सामन्यामागे दोनाहून किंचित जास्त. आता समजा, बलवान संघ सरासरी १.८ गोल करतो आणि दुबळा ०.७. अडीचपटीहून जास्त तफावत आहे. प्वासाँच्या सूत्राने मांडलं, तर दुबळा संघ शंभरातले चौदा सामने जिंकतो आणि बावीस बरोबरीत सोडवतो. म्हणजे तीनांतल्या एका सामन्याहून जास्त वेळा तो न हरता बाहेर पडतो! आता हाच सामना नव्वद मिनिटांऐवजी नऊशे मिनिटांचा करा. सरासरी १८ विरुद्ध ७. दुबळ्याच्या विजयाची शक्यता शंभरात जेमतेम एकावर येते. बास्केटबॉलमध्ये सनसनाटी निकाल कमी लागतात, याचं एक मोठं कारण हेच. तिथे गुण इतके होतात की नशिबाला डोकं वर काढायला जागा उरत नाही.

तेव्हा दुबळ्या संघाचा शहाणपणा कशात? सामन्यात जेवढं कमी घडेल, तेवढं बरं. आइसलँडने हे कसोशीने पाळलं. चार-चारच्या दोन रांगा, मधली जागा बंद, चेंडू खुशाल समोरच्याकडे राहू द्या. पाचही सामन्यांत सुरुवातीचे अकरा खेळाडू तेच, त्यामुळे कोणी कुठे सरकायचं हे अंगवळणी पडलेलं. २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला त्यांनी असंच १-१ वर अडवलं. त्या सामन्यात चेंडू जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळ अर्जेंटिनाकडे होता आणि आपल्या दिग्दर्शक गोलरक्षकाने मेस्सीची पेनल्टी अडवली.

आणि जे घडेल ते आपल्या पसंतीच्या ठिकाणी घडावं. त्यासाठी तो लांब थ्रो. गुन्नारसन लहानपणी हँडबॉलही खेळलेला. शाळेत आपण शिकलो की वस्तू सर्वांत लांब फेकायची तर कोन ४५ अंशांचा हवा. ते तोफगोळ्याला लागू, आणि तेही तो जमिनीच्या पातळीवरून, ठरावीक वेगाने सुटला तर. माणसाचे हात तोफ नव्हेत. चेंडू वरच्या दिशेने फेकायचा म्हटलं की खांदे आणि पाठ यांना तेवढा जोर लावता येत नाही, वेग कमी होतो. शिवाय चेंडू डोक्याच्याही वरून सुटतो, म्हणजे खाली यायला मुळातच जास्त वेळ मिळतो. ब्रिटनमधल्या ब्रुनेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये मोजमाप करून दाखवलं की सर्वांत लांब थ्रोसाठी कोन तीस अंशांच्या आसपास लागतो. अशा थ्रोची वाट जरा चपटी असते, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना सावरायला वेळही कमी मिळतो. भरीला नियमाची गंमत: थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड (बचावपटूंच्या पलीकडे, गोलजवळ थांबून चेंडू घेण्यावरची बंदी) लागत नाही! मैदानाच्या कडेला मिळालेला साधा थ्रो म्हणजे आइसलँडसाठी जवळजवळ कॉर्नरच.

एवढं सगळं करूनही नशीब हवंच असतं, आणि ते त्यांच्या बाजूने किती होतं ते गटातल्या शेवटच्या सामन्यात दिसलं. ऑस्ट्रियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी चालू होती. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेतल्या चौथ्या मिनिटाला ट्रॉउस्टासनने गोल केला, आइसलँड गटात दुसरं आलं आणि पोर्तुगाल तिसरं. तो गोल झाला नसता, तर नीसमध्ये इंग्लंडसमोर पोर्तुगाल उभं असतं. झाला, म्हणून तिन्ही सामने बरोबरीत सोडवलेलं पोर्तुगाल बाद फेरीच्या वेळापत्रकात दुसऱ्या बाजूला गेलं आणि थेट चषक घेऊनच घरी परतलं. एका गोलाने दोन देशांचा उन्हाळा बदलला. आइसलँडचा उन्हाळा मात्र पुढच्याच फेरीत फ्रान्सने संपवला. मध्यंतरालाच ४-० झाले होते, शेवट ५-२.

चार वर्षांनी, १२ नोव्हेंबर २०२० ला, पुढच्या युरोच्या प्रवेशासाठी आइसलँड बुडापेस्टमध्ये हंगेरीशी खेळत होतं. गिल्फी सिगुर्डसनच्या अकराव्या मिनिटाच्या गोलावर १-० अशी आघाडी, त्याच बंद रांगा, संघात बरेचसे तेच चेहरे. ८७ व्या मिनिटापर्यंत त्यांनी ती आघाडी राखली. ८८ व्या मिनिटाला बरोबरी झाली. भरपाई वेळेतल्या दुसऱ्या मिनिटाला सोबोस्लाईने दुसरा गोल केला आणि आइसलँड घरी गेलं.