प्लेटलेट घटल्या, पण ब्रेक कुठला निकामी?

प्लेटलेट वीस हजार (एरवी दीड लाखाच्या वर असतात), त्वचेवर लालसर ठिपके, बाकी काहीच सापडत नाही. मग निदान होतं 'आयटीपी' (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने घटवलेल्या प्लेटलेट). प्रतिपिंडं प्लेटलेटना चिकटतात आणि प्लीहेतल्या भक्षकपेशी त्या गिळतात, एवढंच हे नाव सांगतं. प्रतिपिंडं मुळात का बनली, याबद्दल मौन. बहुतेकांत यामागे एकच एक बिघडलेलं जनुक नसतं. थुंकी पाठवा नि जनुकांची कुंडली मिळवा, या जाहिरातींचा इथे काडीचा उपयोग नाही. पण लाल पेशीही नष्ट होत असतील, गाठी किंवा प्लीहा वाढली असेल, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, तर जनुकं जरूर पाहावीत: प्रतिकारशक्तीला आवरणारा एखादा ब्रेक निकामी असू शकतो.

टी-पेशी (प्रतिकारशक्तीची एक पांढरी पेशी) चेतायला दुसरा संकेत लागतो: तिच्यावरच्या सीडी२८ या प्रथिनाला समोरच्या पेशीवरची सीडी८० किंवा सीडी८६ ही प्रथिनं भेटावी लागतात. नियामक, म्हणजे इतरांना आवरणाऱ्या, टी-पेशींकडचं सीटीएलए-४ हे प्रथिन हीच दोन प्रथिनं जास्त घट्ट धरतं, चक्क उपटून आत ओढतं आणि तिथे ती नष्ट होतात. चेतवायला उरतंच काय! सीटीएलए-४ स्वतः पेशीत आत-बाहेर फेऱ्या मारतं. त्याला पुन्हा पृष्ठभागावर धाडायला एलआरबीए हे दुसरं प्रथिन लागतं. ते नसलं की सीटीएलए-४ लायसोसोममध्ये (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशवीत) जाऊन संपतं. म्हणजे जनुकं दोन, ब्रेक एकच. सीटीएलए-४ची एक प्रत बिघडली तरी आजार होऊ शकतो (त्याच दोषाचे वडील मात्र ठणठणीत असू शकतात), एलआरबीएच्या दोन्ही बिघडाव्या लागतात. दोन्हींत अबाटासेप्ट हे औषध वापरता येतं, कारण ते सीटीएलए-४चाच बाहेरचा तुकडा आहे.

एफएएस या जनुकाचा दोष वेगळा: मरायला हव्या त्या पेशी मरतच नाहीत. खूण म्हणजे पृष्ठभागावर सीडी४ही नाही, सीडी८ही नाही (एरवी यांपैकी एक प्रथिन असतं) अशा टी-पेशींची वाढ, सोबत रक्तात चढलेलं बी१२ जीवनसत्त्व. काहींत हा दोष जन्मानंतर मोजक्याच पेशींत उपजतो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यात तो सापडत नाही. त्या पेशी वेगळ्या काढूनच तपासाव्या लागतात.

एमवायएच९ या जनुकाच्या दोषात तर प्रतिपिंडांचा संबंधच नसतो. प्लेटलेट इतक्या मोठ्या की यंत्र त्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. अशांना स्टेरॉइड देणं व्यर्थ, प्लीहा काढणंही. म्हणून आधी रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेटचे नुसतेच पुंजके झाले असतील, तर तेही तिथेच कळतं.

आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे प्रतिपिंडांच्या, पातळीसाठीचं रक्त उपचार म्हणून शिरेतून दात्यांचं इम्युनोग्लोब्युलिन देण्याआधी काढावं. नंतर मोजलं तर दात्यांचंच मोजलं जातं.