मक्याची वाढ, उत्पादन आणि खते

तीन-साडेतीन महिन्यांत पुरुषभर उंची गाठून कणीस भरणारे मका हे जमिनीतून भरपूर अन्नद्रव्ये उचलणारे पीक आहे, आणि त्यात नत्राची (नायट्रोजनची) गरज सर्वाधिक असते. महाराष्ट्रात खरीप मक्यासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) व ४० किलो पालाश (पोटॅश) ही सर्वसाधारण शिफारस आहे. माती परीक्षणानुसार तीत बदल करावा लागतो.

स्फुरद, पालाश आणि एक-तृतीयांश नत्र पेरणीच्या वेळी बियाण्याखाली पडते. उरलेले नत्र साधारण ३० आणि ४० ते ४५ दिवसांनी समान हप्त्यांत देतात. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने ४० किलोंचा एक हप्ता म्हणजे सुमारे ८७ किलो युरिया. मात्रेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या वेळापत्रकाला आहे. रोप गुडघाभर झाले की ताटाची वाढ झपाट्याने होऊ लागते, कणसातील ओळींची संख्या याच सुमारास ठरते आणि प्रत्येक ओळीत किती दाणे धरतील हे फुलोऱ्याच्या आसपास निश्चित होते. या काळात उपासमार झालेल्या मक्याला तुरा आल्यानंतर कितीही युरिया दिला तरी गेलेले दाणे परत येत नाहीत. कणीस सोलल्यावर शेंड्याकडचा भाग रिकामा दिसतो.

कमतरता पानांवर वाचता येते. नत्र कमी पडल्यास खालच्या पानाचा पिवळेपणा टोकाकडून मध्यशिरेलगत देठाकडे निमुळता होत सरकतो, तर पालाश कमी असल्यास पानाच्या कडा करपतात आणि मध्यशिरेजवळचा भाग हिरवा राहतो. स्फुरदाअभावी कोवळी रोपे जांभळट होतात. चुनखडीयुक्त जमिनीत जस्त कमी पडते व कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे उमटतात. तेथे हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट देतात.

विम्ल (अल्कधर्मी) काळ्या जमिनीत वर फेकलेल्या युरियातील नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते. म्हणून वापसा, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसलेली, असताना ओळीलगत खत देऊन लगेच मातीची भर लावावी. शेतात पाणी साचल्यास नायट्रेटरूपी नत्राचाही वायू होऊन ऱ्हास होतो. उलट, नत्र गरजेपेक्षा जास्त झाल्यास ताटे लुसलुशीत होऊन वादळवाऱ्यात लोळतात, आणि पावसाचा ताण पडलेल्या अशा हिरव्या मक्यात साठलेल्या नायट्रेटमुळे जनावरांना विषबाधा होऊ शकते.