भास होतात म्हणून ‘शांत करणारी’ गोळी? आधी हे वाचा

नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ठाण्यातल्या कितीतरी घरांत एक समज पक्का बसला आहे: म्हाताऱ्या माणसाला नसलेली माणसं दिसू लागली की डोकं फिरलं, शांत करणारी गोळी सुरू करा. हा समज जिवावर बेतू शकतो.

अशा भासांमागे लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, असू शकतो. यात मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे गोळे साचतात. जर्मन डॉक्टर फ्रेडरिक लेवी यांनी हे गोळे १९१२ मध्ये नोंदवले. सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत असते, म्हणून घरच्यांना डिमेन्शियाची शंकाच येत नाही. सकाळी पेपरातल्या बातमीवर वाद घालणारे आजोबा दुपारी स्वतःच्या घरात गोंधळतात. सोफ्यावर लहान मुलं बसलेली त्यांना स्पष्ट दिसतात. चाल मंदावते. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं तर कित्येकदा काही वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. आजींना विचारा, त्या लगेच सांगतील. डॉक्टरांपर्यंत मात्र ही गोष्ट पोहोचतच नाही.

अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं ‘शांत करणारं’ औषध दिलं तर शरीर ताठरू शकतं, गुंगी चढते, गिळणं अवघड होतं, कधी मृत्यूही ओढवतो. आणि घरचे समजतात, आजारच बळावला. सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो.

चालू औषध मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. रिव्हास्टिग्मिनसारख्या औषधाने भास पुष्कळदा कमी होतात. आणि भासांचा रुग्णाला त्रास होत नसेल, तर प्रत्येक वेळी गोळी लागतेच असंही नाही.