‘कट’ केल्यावर लाइट गेली तर फाइल उडते?

फाइल कट केली आणि पेस्ट करण्याआधी लाइट गेली की ती कायमची गेली, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. विंडोजमध्ये तसं होत नाही. कंट्रोल+एक्स दाबल्यावर फाइलचं चिन्ह नुसतं फिकं होतं, फाइल जागेवरच असते. एस्केप दाबा, चिन्ह पूर्ववत. हा समज बहुधा वर्डमुळे रुजला असावा, कारण तिथे कट केलेला मजकूर खरोखरच पानावरून नाहीसा होतो.

पेस्ट केल्यावर काय होतं, ते ड्राइव्हवर ठरतं. डी ड्राइव्हमधून डीमध्येच हलवली तर फाइलमधला डेटा हलतच नाही, फक्त तिच्या ठिकाणाची नोंद बदलते. म्हणून २० जीबीचं फोल्डरही क्षणात जातं. डीमधून पेन ड्राइव्हवर मात्र एकेक फाइल आधी कॉपी होते, मग मूळ पुसली जाते. मध्येच खंड पडला तर काही फाइली इकडे, काही तिकडे, अशी फाटाफूट होते.

खरा धोका पुढे आहे. पट्टी १०० टक्के दाखवते, तरी थोडा डेटा कॉम्प्युटरच्या मेमरीतच असू शकतो. तेवढ्यात पेन ड्राइव्ह उपटला, तर तिकडची फाइल अर्धवट आणि मूळ केव्हाच पुसलेली, तीही रिसायकल बिनमध्ये न जाता.

म्हणून लग्नाचे फोटो वगैरे असतील तर कॉपीच करा. दोन्ही फोल्डरांवर ऑल्ट+एंटर दाबून फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळवा, ‘इजेक्ट’ करा, पेन ड्राइव्ह पुन्हा लावून दोन-चार फाइली उघडून बघा, मगच मूळ डिलीट करा.