डबाबंद ट्यूना : आहारमूल्य आणि आरोग्य

ट्यूना माशाचे शिजवून साफ केलेले मांस पाण्यात, मिठाच्या पाण्यात किंवा तेलात घालून हवाबंद डब्यात भरतात आणि डबा सीलबंद झाल्यावर दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करतात. अशा मांसाला डबाबंद ट्यूना म्हणतात. कोकण किनाऱ्यावर ट्यूनाला कुपा हे नाव आहे, लहान जातींना गेदर. जगभरच्या डब्यांत मुख्यतः स्किपजॅक ही लहान, जलद वाढणारी जात असते. त्याखालोखाल पिवळ्या परांचा यलोफिन आणि फिकट मांसाचा अल्बाकोर येतात. आरोग्याच्या दृष्टीने जात कोणती, हा प्रश्न पहिला.

या उद्योगाचा आरंभ १९०३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रो येथे झाला. सार्डिन मिळेनासे झाल्यावर अल्बर्ट हाफहिल यांनी रिकाम्या डब्यांत अल्बाकोर भरून पाहिला. वाफवल्यावर त्याचे मांस कोंबडीसारखे पांढरे आणि सौम्य चवीचे निघाले. पहिल्या महायुद्धात डबे सैनिकांच्या शिध्यात गेले. आज निर्यातीत थायलंड सर्वांत पुढे आहे. भारतात लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर गळाने पकडलेला स्किपजॅक डबाबंद केला जातो.

डबाबंद ट्यूनाचे खरे बलस्थान म्हणजे प्रथिने. पाण्यातला, निथळून घेतलेला १०० ग्रॅम लाइट ट्यूना (म्हणजे मुख्यतः स्किपजॅकचे डबाबंद मांस) सुमारे २० ते २५ ग्रॅम प्रथिने देतो. त्यात चरबी जेमतेम १ ग्रॅम आणि ऊर्जा ९० ते १२० किलोकॅलरी असते. दोन अंड्यांतून १२-१३ ग्रॅम प्रथिने मिळतात, हे लक्षात घेतले की व्यायामशाळेत जाणाऱ्यांचे ट्यूनावर प्रेम का, ते कळते. ही प्रथिने पूर्ण दर्जाची, म्हणजे सर्व आवश्यक अमिनो आम्ले असलेली आहेत. तेलातल्या ट्यूनात, निथळूनही, ऊर्जा २०० किलोकॅलरीच्या घरात जाते.

सेलेनियम १०० ग्रॅममागे ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते; अमेरिकी मानकानुसार प्रौढाची रोजची गरज ५५ आहे. नायसिन (ब३ जीवनसत्त्व) भरपूर असते. ब१२ जीवनसत्त्व २.५ ते ३ मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाची गरज भागेल इतके मिळते. ब१२च्या कमतरतेने त्रासलेले आपल्याकडचे बरेच लोक शाकाहारी असल्याने त्यांना या डब्याचा उपयोग नाही, हा भाग वेगळा. उष्णतेने थायमिन (ब१ जीवनसत्त्व) घटते, पण नायसिन आणि ब१२ बऱ्यापैकी टिकतात. कॅल्शियमची अपेक्षा मात्र ठेवू नये. डबाबंद सार्डिनमध्ये मऊ झालेले काटे खाल्ले जातात, ट्यूनाचे काटे आधीच काढून टाकलेले असतात.

ओमेगा-३ मेदाम्लांबाबत जाहिरात आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. लाइट ट्यूनात ही मेदाम्ले १०० ग्रॅममागे पाव ग्रॅमच्या आसपास असतात, अल्बाकोरमध्ये पाऊण ग्रॅम किंवा थोडी अधिक. स्किपजॅक मुळातच कमी चरबीचा, आणि भरण्यापूर्वी शिजवताना त्यातला काही मेद गळून जातो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा डबाबंद ट्यूनाला ‘तेलकट मासा’ म्हणून धरतच नाही. हृदयविकारासंबंधीचे पुरावेही मुख्यतः तेलकट माशांचे आहेत. वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांवरील १९८९च्या प्रसिद्ध चाचणीत असे मासे आठवड्यातून किमान दोनदा खाण्याचा सल्ला मिळालेल्यांमध्ये दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी आढळले. पुढच्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही. त्यामुळे लाइट ट्यूनाच्या डब्याने हृदय सांभाळले जाते असे ठामपणे म्हणणे उसन्या पुराव्यावर बोलणे ठरते. तांबड्या किंवा प्रक्रिया केलेल्या मांसाऐवजी तो खाल्ला तर संपृक्त चरबी कमी होते, एवढे निश्चित. ओमेगा-३ हवे असेल तर मुंबई-रत्नागिरीच्या बाजारातली तारली अधिक देते, शिवाय स्वस्तात.

डब्यातला द्रवही महत्त्वाचा आहे. ओमेगा-३ मेदात विरघळते, त्यामुळे तेलातला डबा निथळला की त्यातला काही अंश तेलाबरोबर मोरीत जातो. पाण्यातला डबा निथळल्यास हे नुकसान जवळजवळ होत नाही.

पाऱ्याची भीती निराधार नाही, पण अनेकदा अवाजवी असते. समुद्रातला पारा जिवाणूंमुळे मिथाइल-पारा बनतो आणि मोठा मासा लहान माशाला खातो तसतसा साठत जातो. म्हणून मोठ्या, दीर्घायुषी जातींत तो जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मोजणीत लाइट ट्यूनात सरासरी दशलक्षांशी ०.१३ भाग आणि अल्बाकोरमध्ये ०.३५ भाग पारा आढळला. तेथील सल्ल्यानुसार गर्भवती आणि स्तनदा मातांनी लाइट ट्यूना आठवड्याला दोन-तीनदा, अल्बाकोर एकदाच खावा. एक वाढप सुमारे ११३ ग्रॅमचे. लहान मुलांना वाढप वयानुसार कमी. ब्रिटनमध्ये गर्भवतींसाठी आठवड्याला जास्तीत जास्त चार डबे ही मर्यादा आहे. गर्भाच्या मेंदूला माशांतल्या मेदाम्लांची गरज असल्याने दोन्हीकडे मासे पूर्ण सोडण्याचा सल्ला नाही.

पाऱ्याइतकी चर्चा न होणारा धोका हिस्टामिनचा. पकडलेला मासा वेळेत थंड केला नाही, तर मांसातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून जिवाणू हिस्टामिन तयार करतात. डबाबंदीची उष्णता जिवाणू मारते, पण तयार झालेले हिस्टामिन नष्ट करत नाही. ते पोटात गेल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात. बरेच जण याला माशांची ॲलर्जी समजतात. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध शरीरातील हिस्टामिनचे विघटन रोखते. त्यामुळे ते घेणाऱ्यांनी ट्यूना टाळावा. भारतात क्षयाचे रुग्ण इतके असताना ही सूचना डब्याच्या वेष्टनावर सहसा सापडत नाही.

मिठाचे प्रमाण उत्पादनागणिक बदलते, १०० ग्रॅममागे सोडियम २५० ते ४०० मिलिग्रॅम सर्रास आढळते. रक्तदाब असलेल्यांनी कमी मिठाचा डबा निवडावा, नाहीतर निथळून पाण्याने धुऊन घ्यावा. संधिवाताच्या गाउट या प्रकारात मांसातल्या प्युरिन या घटकामुळे ट्यूना बेताने खावा. डब्याच्या आतल्या लेपातील बिस्फिनॉल-ए या रसायनावर युरोपीय संघाने २०२४ मध्ये बंदीचा निर्णय घेतला.

परदेशी शिकायला गेलेली मराठी मुले हा डबा कांदा, हिरवी मिरची, हळद, लाल तिखट घालून भुर्जीसारखा परततात. मांस आधीच शिजलेले असल्याने ते शेवटी घालून नुसते गरम करावे, फार परतल्यास कोरडे पडते. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा न उघडता, चव न घेता टाकून द्यावा. उघडलेल्या डब्यातले उरलेले मांस काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.