खेळापायी जागरण

संगणक, कन्सोल किंवा मोबाइलवरच्या खेळात गुंतल्यामुळे झोपायची वेळ टळत जाणे, आणि हे एखाद्या रात्रीपुरते न राहता अंगवळणी पडणे, याला खेळापायी जागरण म्हणता येईल. निद्रानाशाहून ही गोष्ट वेगळी आहे. निद्रानाश जडलेला माणूस वेळेवर अंथरुणावर पडतो, कूस बदलत राहतो, पण त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. खेळणाऱ्याला झोप येतच असते. डोळे चुरचुरतात, जांभयांवर जांभया येतात, तरी तो उठत नाही. मराठीत झोप येते, लागते, मोडते, उडते. इथे ती आलेली असते आणि दारात ताटकळत उभी असते. बाहेरची काही अडचण नसताना झोपायला जाणे लांबवत राहण्याच्या सवयीला नेदरलँड्समधल्या युट्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले आणि तिचा अभ्यास सुरू केला. खेळापायी जागरण हा त्या सवयीचाच एक प्रकार. मात्र त्यात खेळणाऱ्याच्या ढिलाईइतकाच खेळाच्या रचनेचाही वाटा असतो, आणि त्या वाट्याबद्दल घरात क्वचितच बोलले जाते.

खेळासाठी रात्र जागवणे महाराष्ट्राला नवे नाही. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजली की रात्रभर पिंगा, झिम्मा, फुगड्या चालतात. कोजागरीच्या व्रतात तर रात्री फाशांचा खेळ खेळावा असेच सांगितले आहे. गणपतीच्या मांडवात मूर्तीच्या सोबतीला थांबलेली पोरे पहाटेपर्यंत पत्ते कुटतात. या सगळ्या रात्रींना काठ आहे. फुगडी घालणारीला धाप लागते, पत्ते पिसणारा भिडू बसल्या जागी पेंगतो, आटवलेले दूध संपते, तांबडे फुटते. शिवाय अशा रात्री वर्षातून मोजक्याच येतात. संगणकाच्या खेळात दमणारे शरीर नाही, संपणारे दूध नाही आणि रात्र रोजचीच.

सुरुवातीच्या व्हिडिओ गेमना असा काठ होता. १९७८ साली जपानमध्ये निघालेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’सारख्या नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांना खेळणारा लवकर हरलेलाच हवा असे, म्हणजे पुढचे नाणे पडे. खिसा रिकामा झाला की माणूस घरी जाई. खेळ घरातल्या संगणकावर आला तेव्हा नाणे गेले. जिथे सोडला तिथून पुढे चालू करण्याची सोय आली, म्हणजे डाव हरून संपण्याचीही गरज उरली नाही. थांबण्याच्या जागा अशा एकेक करून निघून गेल्या.

याचा सर्वांत शिकवणारा नमुना म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील मायक्रोप्रोज कंपनीने १९९१ मध्ये आणला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एक टोळी घेऊन सुरुवात करायची, नगरे वसवायची, शोध लावायचे, तह आणि लढाया करायच्या आणि अवकाशयुगापर्यंत यायचे. खेळ बुद्धिबळासारखा चालींचा. तुम्ही चाल करेपर्यंत समोरचे जग थांबून राहते. म्हणजे वरवर पाहता याच्याइतका सोडायला सोपा खेळ नाही. तरी या खेळाने लोकांच्या जितक्या रात्री घेतल्या तितक्या फार थोड्या खेळांनी घेतल्या असतील. ‘फक्त एक चाल’ हे त्याच्या खेळाडूंचे परवलीचे वाक्य आहे.

असे का होते ते एक रात्र जवळून पाहिली की कळते. पावणेबारा वाजलेत. मुंबईतले धान्याचे कोठार दोन चालींत पुरे होणार आहे. ते झाले की उठायचे, असे मनाशी पक्के आहे. पण तिसऱ्या चालीला बंदुकीच्या दारूचा शोध लागायचा आहे, आणि तो लागला की भालाईतांच्या हाती बंदुका द्यायच्या आहेत. चौथ्या चालीला गलबत त्या काळ्या, अजून न उघडलेल्या किनाऱ्याला टेकणार. शेजाऱ्याशी केलेला तह सहाव्या चालीला संपतो, तेव्हा सीमेवर सैन्य हवे. कोठार पुरे होते त्याच क्षणी खेळ विचारतो, आता इथे काय बांधायचे? उत्तर दिले की आणखी आठ चालींचे एक काम उभे राहते. कोणत्याही चालीला सगळे हिशेब एकदम मिटत नाहीत. एक धागा संपतो तेव्हा चार धागे मध्यावर असतात. मग कुठेतरी बाहेर दुधाच्या क्रेटचा आवाज येतो आणि खिडकी करडी झालेली दिसते. हे वर्णन ऐकीव नाही. माझ्या पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या कितीतरी पहाटा अशाच उजाडल्या आणि त्या दिवसांचे सकाळचे तास कायमचे गेले. आजही त्याची हळहळ वाटते.

अर्धवट राहिलेली कामे पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडले. नंतरच्या सर्वच प्रयोगांत त्याला दुजोरा मिळाला नाही. पण अर्धवट कामाची टोचणी काय असते हे ज्याने एकदा असा खेळ खेळला त्याला प्रयोगाशिवायही पटेल. ‘सिव्हिलायझेशन’च्या पुढच्या आवृत्त्यांत तर जिंकून झाल्यावरही ‘थांबा, फक्त एक चाल’ अशा अर्थाचे बटण समोर येते. २००५ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा व्यसनमुक्ती गटाच्या धर्तीवर एक लुटुपुटूची संस्था जाहिरातीसाठी उभी केली गेली. खेळ सुटत नाही हीच त्याची थोरवी म्हणून मिरवली गेली. हा खेळ मनापासून आवडत असूनही ते मला आजवर पटलेले नाही.

खेळ बंद केला तरी तो डोळ्यांपुढून लगेच हटत नाही. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेला ‘टेट्रिस’ खेळून झोपायला गेलेल्यांना डुलकी लागताना वरून पडणारे ठोकळे दिसतात. हार्वर्डमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी हे तपासले आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगात स्मृती गमावलेले पाच रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते, तरी पाचांपैकी तिघांनी झोप लागताना पडणारे आकार दिसल्याचे सांगितले.

पुढे खेळांनी घड्याळच हाताशी धरले. फेसबुकवर २००९ मध्ये आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई आणि वेळेवर काढली नाही तर सुकून जाई. खोट्या शेतातले पीक जाऊ नये म्हणून रात्री दोनचा गजर लावून उठणारी खरी माणसे होती. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला खरोखर उठावे लागणारा शेतकरी ज्या राज्यात आहे, तिथे हे वाचताना पोटात कालवते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, ही युक्ती आता मोबाइलवरच्या असंख्य खेळांत सापडते.

भारतात या विषयाला खरी धार आली ती ‘पबजी मोबाइल’मुळे. २०१८ मध्ये आलेल्या या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक जण किंवा एक चमू उरतो. मॅच साधारण अर्ध्या तासाची. इथे थांबण्याची जागा आहे, दर अर्ध्या तासाला आहे, पण त्या जागी तुम्ही एकटे नसता. चौघांचा स्क्वाड असतो. एक जण उठला की बाकीचे तिघे अडतात. हरल्यावर उठणे जिवावर येते, आणि जिंकल्यावर लय मोडवत नाही. हॉस्टेलच्या खोलीत दिवा मालवलेला, चार पलंगांवर चार निळसर चेहरे, कुजबुजत्या आवाजात ‘रिव्हाइव्ह दे’ (पडलेल्याला पुन्हा उठव), ‘झोन आला’ (आवळत येणारी जीवघेणी सीमा जवळ आली), आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतो, ‘चल, लास्ट मॅच.’ लास्ट मॅचनंतरची मॅचही लास्टच असते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून या खेळावर बंदी घातली. झोपेचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. त्याच बनावटीचा ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) २०२१ मध्ये आला, मध्यंतरी हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला तो अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घेऊन. दिवसाला सहा तास ही मर्यादा कुणाची झोप वाचवणार, हे समजणे अवघड आहे.

शरीरावर होणाऱ्या परिणामांत पडद्याच्या उजेडाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. रात्रीचा उजेड, विशेषतः त्यातला निळा भाग, झोपेचा सांगावा देणाऱ्या मेलॅटोनिनचे स्रवणे मागे ढकलतो, हे खरे आहे. पण उजेडाचा दोष मोजण्याआधी निव्वळ गेलेले तास मोजावेत. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये किशोरवयीन मुलांना झोपण्याआधी पन्नास मिनिटे एकदा युद्धाचा खेळ खेळायला आणि एकदा पेंग्विनवरचा माहितीपट पाहायला दिला. खेळानंतर झोप लागायला सुमारे साडेसात मिनिटे लागली, माहितीपटानंतर तीन. फरक आहे, पण रात्र बुडवण्याइतका नाही. पुढच्या प्रयोगात खेळण्याची वेळ अडीच तासांवर नेली तेव्हा मात्र एकूण झोप सुमारे सत्तावीस मिनिटांनी घटली. प्रयोगशाळेत खेळ ठरल्या वेळी बंद करून दिवा मालवला जातो. घरात बंद करायला कुणी नसते, म्हणून खरे नुकसान या आकड्यांच्या कितीतरी पुढे जाते. त्यात पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकलेले असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असे निद्रातज्ज्ञ सांगतात, आणि साडेसहाची शाळेची बस काही सरकत नाही. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले. रात्रभर खेळून सकाळी दुचाकीला किक मारणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जागरण थांबवण्याचे सरकारी आणि संस्थात्मक प्रयत्न बहुतेक बाहेरून दार लावण्याचे आहेत. मुंबईच्या आयआयटीने २००७ मध्ये वसतिगृहांतले इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली. रात्रभर गेम आणि चॅटिंग, सकाळी वर्गात डुलक्या, आणि दोन खोल्या पलीकडे कोण राहते याचाही पत्ता नाही, अशी तिथल्या प्रशासनाची तक्रार होती. दक्षिण कोरियाने नोव्हेंबर २०११ पासून सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद केले. मुलांनी आईवडिलांच्या ओळखक्रमांकांनी खाती उघडली, मोबाइलवरचे खेळ कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले, आणि २०२२ च्या आरंभी तो कायदा गेला. चीनने २०१९ मध्ये अल्पवयीनांना रात्री दहा ते सकाळी आठ खेळायला मनाई केली. ऑगस्ट २०२१ मध्ये तर शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास मोकळा ठेवला. त्याच वर्षी टेन्सेंट या तिथल्या मोठ्या गेम कंपनीने रात्री उशिरापर्यंत खेळणाऱ्यांचे चेहरे कॅमेऱ्याने पडताळायला सुरुवात केली.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जागा दिली असून हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे, हे साधारण बारा महिने दिसले तर ते निदान होते. रात्री जागून खेळणारा प्रत्येक जण या व्याख्येत बसत नाही, बहुतेक जण बसत नाहीतच. मुलाला लगेच व्यसनी ठरवणे म्हणून चुकीचे आणि दुखावणारे आहे. जिथे खरोखर उपचार लागतात तिथे ते मिळतात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास उपचारकेंद्र चालते.

घरोघरी मात्र पाण्यासाठी पहाटे उठलेल्या आईला मुलाच्या दाराखालून उजेड दिसतो आणि वडील वायफायची पिन उपसतात. मॅचच्या मध्यावर उपसलेल्या पिनेने तीन साथीदारांपुढे मुलाची मान खाली जाते आणि दुसऱ्या दिवशी भांडण त्याच मुद्द्यावर होते, झोपेवर होत नाही. घड्याळाऐवजी मॅचची संख्या आधी ठरवली, रँकची, म्हणजे क्रमवारी ठरवणारी, मॅच जेवणाआधी उरकली, फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात ठेवला, तर बरेच निभते. चालींच्या खेळात ‘कोठार झाले की’ असे न म्हणता आकडा धरावा लागतो: चाल क्रमांक १८०, मग तिथे काहीही चालू असो. ‘सिव्हिलायझेशन’च्या चौथ्या आवृत्तीत पडद्याच्या कोपऱ्यात खरे घड्याळ दाखवण्याची आणि गजर लावण्याची सोय होती. ती पर्यायांच्या यादीत आत कुठेतरी होती, आणि आधी स्वतः जाऊन चालू करावी लागे.