मांजराचा श्वास अडवणारं सेरोटोनिन

सेरोटोनिन म्हटलं की आज कुणीही ‘आनंदाचं रसायन’ म्हणून मोकळं होतं. शास्त्रज्ञांशी त्याची गाठ पडली ती मात्र रक्तातली कटकट म्हणून. रक्त गोठल्यावर जो निवळ सीरम उरतो, त्याने रक्तवाहिन्या आकसतात हे एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं. अमेरिकेत क्लीव्हलँडला अर्विन पेज वाढत्या रक्तदाबाचं मूळ शोधत होते, आणि हाच पदार्थ त्यांच्या चाचण्यांमध्ये लुडबुड करायचा. १९४८ मध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि पेज यांनी गुरांच्या सीरममधून तो वेगळा काढला. ‘सीरम’ आणि वाहिन्यांचा ‘टोन’, म्हणजे ताण, मिळून नाव झालं सेरोटोनिन. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना आतड्यात आधीच सापडलेलं ‘एन्टेरामीन’ तेच, हे १९५२ मध्ये कळलं.

नावावरून वाटेल, हे टोचलं की दाब चढणार. जनावरांनी तो हिशेब चुकवला. भूल दिलेल्या मांजराच्या शिरेत थोडंसं सोडलं, की क्षणभर श्वासच थांबतो, ठोके मंदावतात, दाब कोसळतो. मग तो थोडा चढतो आणि पुन्हा बराच वेळ उतरलेला राहतो. मेंदूला हृदय-फुप्फुसांशी जोडणाऱ्या, मानेतल्या दोन्ही व्हेगस नसा कापल्या, तर ठोके मंदावणं जवळपास नाहीसं होतं. म्हणजे हा पहिला धक्का मज्जातंतूंच्या वाटेने येणारी प्रतिक्षिप्त क्रिया. शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेझोल्ड यांनी १८६७ मध्ये एका वनस्पतीच्या विषाने असाच परिणाम पाहिला होता. पेज यांनी तर सेरोटोनिनला दाब दोन्हीकडे फिरवणारं म्हटलं: वाहिन्या आधीच ताणात असतील तर दाब उतरतो, सैल असतील तर चढतो.

हा गोंधळ सुटायला गॅडम आणि पिकारेली या संशोधकांनी सुरुवात केली, १९५७ मध्ये, तीही गिनीपिगच्या आतड्यावर. सेरोटोनिनचे ग्राही, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटतं त्या जागा, एकाच प्रकारच्या नाहीत, निदान दोन प्रकारचे आहेत, असं त्यांनी दाखवलं. आज सात कुळं मानतात. व्हेगसवरचं एक, वाहिनी आवळणारं दुसरं, सैलावणारं तिसरंच.

मधल्या काळात, १९५३ मध्ये, संशोधक बेट्टी ट्वॅरोग यांना सेरोटोनिन सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सापडलं. त्याआधी त्या शिंपल्याच्या स्नायूवर काम करत होत्या! पुढे मेंदूच्या देठातल्या सेरोटोनिन पेशी श्वासाच्या लयीला आधार देतात, हे उलगडलं. जनुकीय बदलाने या पेशी जवळजवळ नाहीशा केलेली उंदरांची पिल्लं जन्मल्यावर लांब लांब श्वास रोखतात. त्यातली काही तगत नाहीत. मांजरात जे टोचल्याने झालं, ते इथे नसल्याने होतं.